झटका मशीन आणि विश्वाचा पहिला हिसका

झरी जामणीला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक आधी विचारतात, ते कुठे आलं? यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की तेलंगण. मग विचारतात, तिथे बघण्यासारखं काय आहे? सागाचं जंगल आहे, कापसाची आणि तुरीची वावरं आहेत, आणि काही गावांत मोबाइलला अजिबात रेंज नाही. आम्ही गेलो ते या शेवटच्या गोष्टीसाठी. ज्या गावात राहिलो त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. उगाच कुणी दयाळू माणूस तिथे टॉवर उभा करायचा.

आम्ही म्हणजे मी आणि फरीदा. मी अँटेना बनवते. फरीदा माझ्याहून बरीच लहान, औरंगाबादची; अँटेनातून जे येतं त्यातून अर्थ काढायचं काम तिचं. ती शांत आहे आणि मी नाही, त्यामुळे आमचं जमतं.

काम काय ते आधी सांगून टाकते. विश्व जन्माला आलं त्या पहिल्या क्षणी अवकाशालाच एक जबरदस्त हिसका बसला, असं मानतात. त्या हिसक्याच्या लहरी, म्हणजे आद्य गुरुत्वीय लहरी, आज थेट सापडणं अशक्य. पण विश्वातला सगळ्यात जुना उजेड अजून आपल्या डोक्यावर सगळीकडून पडतो आहे. थंड होत होत त्याच्या सूक्ष्मलहरी झाल्या, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. त्या उजेडाच्या कंपनांना त्या लहरींनी एक बारीकसा पीळ दिला असणार. तो पीळ सापडला की पहिल्या क्षणाचा पुरावा हाती आला. जगभर शोध चालू आहे आणि अजून कुणालाही तो सापडलेला नाही. एकदा सापडला म्हणून गाजावाजा झाला होता, पण नंतर ती आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची करामत निघाली.

धुळीखेरीज आणखी एक लबाड आहे. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉनही तसाच पीळ असलेल्या रेडिओलहरी सोडतात. हा खोटा पीळ नीट मोजून वजा केला तरच खरा दिसेल. आमचं यंत्र हा खोटा पीळ मोजण्यासाठी होतं. म्हणजे लग्न दुसऱ्याचं आणि आम्ही सतरंज्या झटकणार. पण झटकलेल्या सतरंजीशिवाय लग्न लागत नाही, हे मी ज्याला त्याला ऐकवत असे.

मुख्य शोध घेणाऱ्या मोठ्या गटाने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं: या हिवाळ्यात तुमच्या यंत्राने आकाशाचा एक निर्मळ पट्टा मोजून दाखवा, तर तुम्ही आमच्यात. नाहीतर नमस्कार. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा मी या कामाला हात घातला होता. आता ती दहावीला होती. पुण्यात आम्ही जिथे जिथे यंत्र लावलं तिथे आकाशाऐवजी मोबाइलचे टॉवरच ऐकू आले. हा हिवाळा गेला असता तर माझं आजवरचं सगळं काम गोदामात जाऊन पडलं असतं.

यवतमाळ, पांढरकवडा आणि पुढे

मी सांगलीकडची. तिखट म्हणजे काय ते आम्हालाच कळतं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. यवतमाळला सकाळी पोह्यांवर तर्री घेतली आणि ती समजूत तिथेच राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गाडीवाला अगदी मायेने विचारत होता, "अजून देऊ का ताई, तर्री?" फरीदा दुसरी प्लेट संपवत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, हे तिचे उपकार.

पांढरकवड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी होती. बोंडअळीचं ते साल. लांबून शेतं पांढरी दिसायची आणि जवळ गेलं की कळायचं, बोंडं अर्धवट उमलून तशीच वाळली आहेत. कित्येकांनी उभ्या पिकात गुरं सोडली होती. आमच्याकडे ऊस तुटून गेला की रान मोकळं दिसतं. पीक उभं असताना रान असं ओसाड दिसू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्हाला बोलावलं होतं गजाननमास्तरांनी. ते गावच्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि शेतीही करतात. पुण्याला शिक्षकांच्या एका शिबिरात माझी आणि त्यांची गाठ पडली. "आमच्या गावात मोबाइल म्हन्जे फक्त घड्याळ," असं ते वैतागून सांगत होते आणि मी आनंदाने खुर्चीतून उठले होते. त्यांना तेव्हा माझ्या डोक्याची जरा शंका आली, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

गाडीतून यंत्र उतरलं. पत्र्याचा माणसाएवढा कर्णा, खाली तो फिरवायचं चाक, त्याखाली लोखंडी पाया. मास्तर त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मॅडम, हा त भोंगा हाय." तेव्हापासून त्याचं नाव भोंगाच पडलं. आम्हीही तेच म्हणू लागलो.

बरडावर

गावाच्या उत्तरेला मुरमाड, पीक न येणारी जमीन आहे. तिला तिथे बरड म्हणतात. तीन बाजूंना बुटक्या टेकड्या, हवा कोरडी, आणि संध्याकाळ झाली की शर्मिष्ठेचे तारे समोरच उभे. आकाशगंगेचा खोटा पीळ सगळ्यात ठळक दिसतो तो त्याच भागात. भोंगा बरडावर उभा केला, लांब केबल टाकून फरीदाचा संगणक शाळेच्या मागच्या खोलीत ठेवला. मी इतकी खूश होते की मास्तरांच्या घरी ओल्या तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली. भाकरी ज्वारीची, आमच्यासारखीच, फक्त आकाराने आमच्या दीडपट. सोबत मिरचीचा ठेचा होता. त्याला मी लांबूनच नमस्कार केला.

पहिलं विघ्न बकरीने आणलं. भोंग्याच्या तोंडावर पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून पांढऱ्या फोमचं झाकण असतं; सूक्ष्मलहरी त्यातून आरपार जातात. सकाळी बघतो तर झाकणाचा एक मोठा लचका गायब आणि बकरी शेजारी रवंथ करत उभी. मी कपाळावर हात मारला. मास्तरांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं थर्माकोल आणून दिलं. त्यावर एका बाजूने मोर काढलेला होता. थर्माकोलही लहरींना अडवत नाही, पण मोराच्या रंगाची खात्री नव्हती. तो खरवडून काढताना चौथीच्या वर्गाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

दुसरं विघ्न खरं होतं. संध्याकाळी यंत्र चालू केलं आणि पडद्यावर दर सेकंदाला एक टोक वर उठायला लागलं. टिक, टिक, टिक. आकाशातून असं काही येत नाही. आम्ही बॅटरी बदलली, केबल बदलल्या, मी फरीदाला बोलले, फरीदा मला काहीच बोलली नाही. टोकं तशीच. मोठ्या गटाला हे पाठवलं असतं तर त्यांनी उघडूनही पाहिलं नसतं.

सकाळी छोटी अँटेना आणि तिला जोडलेला स्पीकर हातात धरून आम्ही टिकटिक जिथे वाढेल तिकडे चालत सुटलो. बरड संपलं, पांदण ओलांडली, आणि एका हरभऱ्याच्या वावराच्या कडेला टिकटिक कानठळ्या बसवायला लागली. वावराभोवती बारीक तारेचं कुंपण होतं. एके ठिकाणी गवत तारेला टेकलं होतं आणि तिथे, खाली वाकून पाहिलं तर, दर सेकंदाला इवलीशी निळी ठिणगी उडत होती.

"हात नका लावू, झटका बसन."

तुरीच्या काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई पलीकडे उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळावर आठी. त्या सुलोचनाबाई भगत.

सुलोचनाबाईंचं वावर

ते झटका मशीन होतं. बॅटरीवरची एक पेटी कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला विजेचा झटका सोडते. रानडुक्कर तारेला लागलं की दणका बसून पळतं, मरत नाही. बरडाच्या भोवती अशी मशीनं बऱ्याच वावरांना होती, आणि गवत जिथे जिथे तारेला टेकेल तिथे तिथे ठिणगी. आमच्या भोंग्याला ती प्रत्येक ठिणगी ऐकू येत होती.

मी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, काही रात्री मशीन बंद ठेवता येईल का?

"बंद?" सुलोचनाबाईंनी भारा खाली टाकला. "कापूस त अळीनं खाल्ला. आता हा चना डुकराले देऊ म्हन्ता?"

"फक्त काही रात्री."

"एका रातीत सारं वावर नांगरून टाकते बाई ते. तुमी पायलं नाही डुक्कर, म्हनून बोलून राह्यल्या."

त्यांचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. फरीदाने हळूच सुचवलं, आपण गवत कापून देऊ. दिवसभर आम्ही विळे घेऊन तारेखालचं गवत कापलं. माझ्या हातांना फोड आले. संध्याकाळी टोकं कमी झाली, पण गेली नाहीत. दव पडलं की तारेवर कुठे ना कुठे ठिणगी उडायचीच. मास्तर म्हणाले, गावाला विचारूनच पाहू.

बुद्धविहाराच्या ओट्यावर सगळे जमले. सुलोचनाबाई पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी झितरू आत्राम, जवळच्या पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे, म्हातारे गृहस्थ. त्यांचं वावर बरडाला लागूनच. मी विश्वाच्या जन्मापासून सुरुवात केली. पहिला हिसका, जुना उजेड, खोटा पीळ, खरा पीळ. लोक शांतपणे ऐकत होते. मग मागून कुणीतरी विचारलं, "याचा आमाले उपयोग काय मॅडम?"

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. संशोधनातून तंत्रज्ञान, तंत्रज्ञानातून विकास. मीही ते कैक वेळा दिलंय. त्या दिवशी वाटेतली पऱ्हाटी डोळ्यांसमोर आली आणि ते तोंडातून निघेना.

"काहीच नाही," मी म्हणाले. "तुम्हाला याचा काही उपयोग नाही. विश्व कसं सुरू झालं ते आम्हाला जाणून घ्यायचंय, एवढंच."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. फरीदाने माझ्याकडे असं पाहिलं की आता गाडी भरायला घ्यावी. मग पुढच्या रांगेतून सुलोचनाबाईंचं हसू ऐकू आलं.

"खरं त बोलल्या," त्या वळून सगळ्यांना म्हणाल्या. "बियान्यावाला आला, त्यानं उपयोग सांगतला. अळी लागतच नाही म्हने. फवारावाला आला, त्यानं उपयोग सांगतला. एवढे उपयोग ऐकले आपन, वावरात काय राह्यलं? ही बाई पहिली आली जे म्हन्ते का उपयोग नाही."

लोक हसले. मीही हसले, जरा उशिराने.

"मशीन बंद करतो आमी," त्या मला म्हणाल्या. "पन डुकरं काही तुमच्या भोंग्यासाठी थांबनार नाहीत. झितरूबाबा, जागल करता येईन का?"

मचाणावर

झटका मशीन यायच्या आधी गावात जागल असायची, म्हणजे रात्रभर वावर राखणं. ती मोडली होती, पण झितरूबाबांना सगळं आठवत होतं. दोन दिवसांत बरडाभोवती मचाणं उभी राहिली. कुणाकडे रिकामे डबे, कुणाकडे डफ. भोंग्याला तेही ऐकू जाईल म्हणून बॅटऱ्या आणि मोबाइल घरी, उजेड फक्त शेकोटीचा. नेम असा होता: पहिल्या मचाणावरच्याने हाक द्यायची, "होऽऽ", मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, अशी हाक बरडाभोवती फिरून परत यायची. ज्याची हाक आली नाही तो झोपला. त्याने सगळ्यांना रोडगे घालायचे.

"मॅडम बी बसतीन," सुलोचनाबाईंनी परस्पर जाहीर केलं. "काम त्याईचं हाय."

फरीदा संगणकापाशी, म्हणून मचाणावर मी. सांगलीत माझ्या आजोळी कुणी पोरीबाळींना राखणीला पाठवलं नसतं. इथे निम्म्या मचाणांवर बायका होत्या. त्या रात्री भोंगा काय ऐकतो आहे याचा मला काही पत्ता नव्हता. जवळ जायचं नाही, बॅटरी लावायची नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवली त्या यंत्राकडे पाठ करून मी डबा बडवत बसले होते. सुलोचनाबाई त्याच मचाणावर होत्या. त्यांनी लेकीच्या नर्सिंगच्या परीक्षेबद्दल सांगितलं, मी माझ्या लेकीच्या दहावीबद्दल सांगितलं. मधेच त्या विचारायच्या, "तो पहिला हिसका बसला तवा आवाज झाला असन का?" मी म्हणायचे, ऐकायला कुणी नव्हतं. त्या म्हणायच्या, "मंग आता आपन ऐकू."

पहाटेकडे माझा डोळा लागला. जाग आली ती सगळ्या बरडावरून उठलेल्या हास्यकल्लोळाने. आमच्या मचाणाची हाक चुकली होती. सुलोचनाबाईंनी मुद्दाम दिली नव्हती. "तुमची पाळी होती," त्या निर्विकारपणे म्हणाल्या.

सकाळी मी शाळेकडे जवळजवळ धावतच गेले. फरीदा दारात उभी होती. ती सहसा हसत नाही, पण त्या सकाळी तिला हसू आवरत नव्हतं. "टिक नाहीये," ती म्हणाली. "एकही नाही." पडद्यावर रेषा अगदी सपाट होती. निर्मळ आकाशात जितका जास्त वेळ ऐकत राहावं तितका गोंगाट आपोआप खाली जायला हवा. तो जात होता, अगदी आखून दिल्यासारखा. आणि त्या गोंगाटाखालून, भोंग्याच्या प्रत्येक फेरीत दोनदा चढ आणि दोनदा उतार, आकाशगंगेचा खोटा पीळ वर येऊ लागला होता.

त्या दुपारी रोडगे झाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यात तूप, बरोबर तुरीचं वरण. दंड माझा, पीठ मी आणलं, पण मळणं-भाजणं माझ्या हातून होण्यासारखं नव्हतं. ते बायकांनीच केलं आणि मला नावं ठेवत केलं. मी सहा खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

डुकरं आली ती पुढे एका रात्री, कळपाने. झितरूबाबांच्या बाजूने हाकेऐवजी डफ सुरू झाला. मग सगळीकडून डबे, आरोळ्या, आणि मीही घसा फाटेस्तोवर ओरडत होते. अंधारात झुडपं मोडत काहीतरी जड, धापा टाकणारं आमच्या मचाणाखालून गेलं. सुलोचनाबाईंनी पेटतं लाकूड फेकलं. कळप टेकडीकडे वळला. सकाळी हिंडून पाहिलं, कडेची काही झाडं तुडवली गेली होती, बाकी चना जागच्या जागी. झितरूबाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बिडी ओढत म्हणाले, "मशीन नव्हती तई बी आमी चना खातच होतो."

शेवटची परीक्षा उरली होती. दिसतोय तो पीळ आकाशातला की यंत्रातला? यंत्रातला असेल तर पाया फिरवला की तोही फिरेल. आकाशातला असेल तर पाया कुठेही वळवा, तो आकाशालाच धरून राहील. आम्ही लोखंडी पाया पाव फेरी वळवला. त्यासाठी मास्तर, सुलोचनाबाई आणि चार गडी लागले. त्या रात्री मी मचाणावर एक क्षणही झोपले नाही.

सकाळी फरीदाने आधीचा आणि आताचा आलेख एकमेकांवर ठेवला. चढावर चढ, उतारावर उतार. पीळ तसूभर हलला नव्हता. तो आकाशाचा होता. मी फरीदाला उचलून गोल फिरवलं. ती किंचाळली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की इतके दिवस तीही घाबरलेली होती.

पांढरकवडा, आणि परत

आलेख पाठवायला रेंज हवी, म्हणून आम्ही पांढरकवड्याला गेलो. बसस्टँडसमोर चहा घेत थांबलो. मोठ्या गटाच्या प्रमुख बाई कमी बोलतात, हे ऐकून होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आलेख तीनदा तपासले, म्हणाल्या. पाया फिरवून पाहिलात ते बरं केलंत. पुढच्या मोसमात आमच्या उंचावरच्या दुर्बिणीशेजारी तुमचं यंत्र उभं राहील, तयारीला लागा. मी "हो" म्हणाले. फोन ठेवला आणि चहावाल्याला सांगितलं, इथे जे कुणी बसलेत त्या सगळ्यांना चहा द्या.

आम्ही थेट पुण्याला जाऊ शकलो असतो, भोंगा नंतर मागवता आला असता. आम्ही परत गावात गेलो. विहाराच्या ओट्यावर पुन्हा सगळे जमले. फरीदाने संगणकावर आलेख दाखवला, सगळ्यांना आळीपाळीने. झितरूबाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि मान डोलावली. मी सांगितलं, आमची निवड झाली. पहिल्या हिसक्याची खूण अजून सापडलेली नाही, कदाचित माझ्या हयातीत सापडणारही नाही. पण तिच्यावर साचलेला थर कसा मोजायचा ते आता जमलं, आणि जगात ज्या मोजक्या ठिकाणी हे जमलं असेल त्यांत हे गाव आहे.

टाळ्या पडल्या, डफ वाजला. सुलोचनाबाई मात्र आलेखासमोरून उठेनात. त्या रेषेवरून बोट फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा.

"यंदा पेरनीपासून एक बी गोष्ट आमच्या मनासारखी नाही झाली," त्या म्हणाल्या. "एक बी नाही. आपलं काही जमतच नाही असं वाटून राह्यलं होतं मले."

त्यांचं बोट रेषेच्या टोकाशी थांबलं.

"हे जमलं ना पन?" त्यांनी वर पाहिलं. "खरंच जमलं?"

"जमलं," मी म्हणाले. "चुकीला जागाच नाही. अगदी पक्कं जमलं."

त्या उठल्या, पदर खोचला आणि ओट्यावर सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते पुन्हा सांगितलं, "जमलं म्हन्ते बाई. आपल्याले जमलं."